हिसकावलेले शस्त्र आणि त्यानंतरचा क्षण

१/ प्रतापगडाची भेट म्हटली की इतिहासप्रेमींना वाघनखे आठवतात. पण १० नोव्हेंबर १६५९च्या त्या दिवशी आणखी एक प्रसंग घडल्याचे परंपरा सांगते. महाराजांवर वार करण्यासाठी सय्यद बंडाचा हात उगारला गेला आणि जिवा महाला यांनी तो हातच शस्त्रासकट छाटला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्यातूनच रूढ झाली. दुसऱ्याच्या प्राणरक्षणासाठी हल्लेखोराला निःशस्त्र करण्याचे मराठी मनातले हे सर्वांत जुने चित्र असावे.

२/ त्या भेटीला फौजदारी कायद्याची मोजपट्टी लावता येत नाही. तो दोन सत्तांमधील संघर्ष होता. दोन्ही बाजूंच्या फौजा आसपास होत्या. आजचा नागरिक मात्र रणांगणावर उभा नसतो. त्याच्यापुढे गल्लीत सुरा घेऊन उभा ठाकलेला माणूस असतो आणि त्याच्या मागे पोलीस ठाणे, न्यायालय व दंडसंहिता असते. हा धागा त्या नागरिकाविषयी आहे. त्याला शस्त्र हिसकावता येते का? त्याने तसा प्रयत्न करावा का? आणि ते हाती आल्यावर त्याचे काय करावे?

३/ भारतात या प्रश्नांचे एक लेखी उत्तर तयार झाले १८३७ साली. पहिल्या विधी आयोगाचे अध्यक्ष थॉमस मेकॉले यांनी दंडसंहितेचा मसुदा सादर केला आणि सोबत विस्तृत टिपा जोडल्या. स्वसंरक्षणाच्या टिपेत त्यांची भूमिका स्पष्ट आहे. या देशातील लोक दरोडेखोरांचे अत्याचार निमूट सोसतात, प्रतिकार फारसा करत नाहीत. म्हणून येथे स्वसंरक्षणाचा हक्क आखडण्यापेक्षा लोकांमध्ये धैर्य जागवणारा कायदा हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

४/ या विचारात परकीय राज्यकर्त्याचा अहंकार आहेच. शिवाय त्याच साम्राज्याने १८७८च्या शस्त्र कायद्याने भारतीयांच्या हातातील शस्त्रांवर कडक निर्बंध आणले. एकीकडे प्रतिकाराचा हक्क द्यायचा आणि दुसरीकडे प्रतिकाराचे साधन काढून घ्यायचे, अशी ही विसंगती होती. तरीही मसुद्यातला मूळ विचार टिकला. भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. मेकॉले त्यापूर्वीच, १८५९ मध्ये निवर्तले होते.

५/ त्या संहितेची कलमे ९६ ते १०६ खासगी संरक्षणाच्या हक्काची होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तोच आशय कलमे ३४ ते ४४ मध्ये आला. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. कोणाही दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्यासही तो लागू आहे. संकटात सापडलेली अनोळखी व्यक्तीही त्यात येते. जिवा महालांची भूमिका आज कोणी निभावली तर कायदा त्याला परका मानत नाही.

६/ हल्लेखोर मनोरुग्ण असेल तर? याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. ३० जानेवारी १८३५ रोजी वॉशिंग्टनमध्ये रिचर्ड लॉरेन्स याने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर पिस्तूल रोखले. ते उडाले नाही. दुसरे काढले, तेही उडाले नाही. सदुसष्ट वर्षांचे जॅक्सन हातातली काठी उगारून त्याच्यावर धावून गेले आणि आसपासच्या लोकांनी त्याला जेरबंद केले. पुढे वेडसरपणामुळे न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले व त्याचे उर्वरित आयुष्य रुग्णालयांत गेले.

७/ भारतीय कायद्याने हा पेच आधीच सोडवून ठेवला आहे. हल्लेखोर वेडसरपणामुळे, अल्पवयामुळे किंवा नशेमुळे गुन्हेगार ठरत नसला तरी त्याच्यापासून बचाव करण्याचा हक्क तितकाच शाबूत राहतो. सुरा रोखलेल्या माणसाची मनःस्थिती तपासत बसण्याची अपेक्षा कोणाकडूनही केलेली नाही. कायदा येथे हल्लेखोराच्या दोषाकडे न पाहता समोरच्याच्या संकटाकडे पाहतो.

८/ हक्काला मर्यादा मात्र आहेत. बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क पोहोचतो तो निवडक प्रसंगीच: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने हल्ला, इत्यादी. २०१३ साली ॲसिड हल्ल्याचीही या यादीत भर पडली.

९/ 'आवश्यक तेवढेच' म्हणजे किती? १९५० साली कटनीमध्ये दंगल उसळली. एका जमावाने शेजारचे दुकान लुटून अमजद खान यांच्या दारावर लाठ्या मारण्यास सुरुवात केली. घरात त्यांचे कुटुंब होते. त्यांनी बंदूक चालवली, एक जण ठार झाला. खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी ठरवले. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. अशा क्षणी केलेली कृती सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही, हे त्यांच्या निकालाचे सार.

१०/ शस्त्रांच्या तुलनेबाबतही न्यायालयाने असाच विवेक दाखवला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी देव नारायण खटल्यात आरोपीच्या डोक्यावर लाठीचा घाव बसला होता आणि त्याने उलट भाला चालवला होता. लाठीला उत्तर भाल्याने देणे म्हणजे मर्यादाभंग, असे उच्च न्यायालयाला वाटले. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. डोक्यावर पडलेली लाठीही प्राण घेऊ शकते. समोर कोणते हत्यार आहे यापेक्षा धोका कोणता आहे हे पाहावे लागते.

११/ आता या धाग्याचा मुख्य मुद्दा. कायद्याने या हक्काला काळाची मर्यादा घातली आहे. वाजवी भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो. पहिला घाव बसेपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. ती भीती टिकेपर्यंत हक्क टिकतो. भीती संपली की हक्क संपतो. पूर्वीचे कलम १०२, आताचे कलम ४०, एवढेच सांगते. पण कित्येक खटले नेमके याच वाक्यावर जिंकले किंवा हरले गेले आहेत.

१२/ जय देव खटला हे त्याचे उदाहरण. तत्कालीन पंजाबातील अहरोद गावात शेतजमिनीच्या ताब्यावरून संघर्ष झाला. १९६२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की आरोपींना आरंभी बचावाचा हक्क होता. परंतु समोरची माणसे पळू लागल्यावर त्यांच्यावर दुरून गोळ्या झाडणे हा बचाव नव्हता. हा निकाल साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. त्यांची कसोटी सोपी आहे: धोका गेला की बचाव संपला, त्यापुढचा घाव सूडाचा.

१३/ हीच कसोटी हिसकावलेल्या शस्त्राला लावून पाहावी. सुरा हल्लेखोराच्या हातात असताना त्याचा हात पिरगाळणे, मनगटावर काठी हाणणे, त्या झटापटीत त्याला जखम होणे, हे सारे संरक्षणात मोडते. पण सुरा बचाव करणाऱ्याच्या हाती आला, हल्लेखोर मागे सरला, आणि तरीही सुरा त्याच्या पोटात गेला, तर भूमिका उलटतात. मघाचा बळी आरोपी होतो. क्वचित त्याला मर्यादाभंगाची सवलत मिळते, म्हणजे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध. पण निर्दोषत्व नव्हे.

१४/ मात्र शस्त्र हातातून गेले म्हणजे धोका गेलाच, असेही कायदा मानत नाही. हल्लेखोर ते परत हिसकावण्यासाठी झडप घालत असेल, त्याचे साथीदार पुढे येत असतील, त्याने दुसरे हत्यार काढले असेल किंवा नुसत्या हातांनी गळा आवळला असेल, तर भीती संपलेली नसते आणि हक्कही संपलेला नसतो. न्यायालय त्या वेळच्या भीतीचा विचार करते, नंतर शांतपणे सुचलेल्या पर्यायांचा नव्हे. पळून जाण्याची सक्तीही नाही, हे २०१०च्या दर्शन सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले.

१५/ येथपर्यंत हक्काची चर्चा झाली. शक्यतेची वेगळी आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्यावर सतरा दिवसांत दोनदा पिस्तूल रोखले गेले. पहिल्या वेळी प्रशिक्षित अंगरक्षकाने हातभर अंतरावरूनच पिस्तूल पकडले, आणि त्याच्या नळीत काडतूस चढवलेलेच नव्हते. दुसऱ्या वेळी पहिली गोळी हुकल्यावर गर्दीतील माजी सैनिक ऑलिव्हर सिपल याने हल्लेखोर स्त्रीचा हात धरला. राष्ट्राध्यक्ष वाचले, पण सुटलेली दुसरी गोळी एका टॅक्सीचालकाला लागली.

१६/ म्हणजे यशस्वी झडपही निर्दोष नसते. पिस्तुलाची दिशा वळते, गोळी मात्र कुठेतरी जातेच. सुऱ्याची गोष्ट याहून कठीण. चित्रपटांत नायक एका हिसक्यात सुरा उडवतो; प्रत्यक्षात वार एकच नसतो, लागोपाठ येतात, आणि पाते धरणाऱ्याचा तळवा फाटतो. म्हणून आधी अंतर वाढवणे, मध्ये खुर्ची किंवा दार आणणे, आरडाओरडा करणे, पैसे-मोबाइल देऊन टाकणे हाच शहाणपणा. वाट बंद असेल किंवा दुसऱ्याचा जीव जात असेल तेव्हाच शस्त्राला हात घालण्याची वेळ येते.

१७/ आणि शस्त्र मिळालेच तर? ते हल्लेखोराच्या आवाक्याबाहेर टाकावे, स्वतः दूर व्हावे, ११२ वर कळवावे. पळणाऱ्याचा पाठलाग करू नये. आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही अटक करू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. शस्त्र घरी नेऊ नये, धुऊ नये. तेच पुढे बचाव करणाऱ्याचा पुरावा ठरते.

१८/ न्यायालयात स्वसंरक्षण दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. पण सरकार पक्षासारखे निःसंशय सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर नसते. त्याचे म्हणणे संभाव्य वाटले तरी पुरते. अंगावरच्या जखमा, साक्षीदार, पहिल्याच जबाबातील सरळ कथन यांना म्हणून मोल असते. भीतीपोटी लपवलेली गोष्ट नंतर सांगितली की ती रचलेली वाटते.

१९/ या साऱ्याची सर्वांत खडतर परीक्षा मुंबईने २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री पाहिली. गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, मूळचे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे, हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबच्या एके-४७ची नळी धरून राहिले. गोळ्या त्यांनी स्वतःच्या देहावर झेलल्या आणि सहकाऱ्यांना पुढे येता आले. ही त्यांची कर्तव्यनिष्ठा होती. कोणत्याही नागरिकाकडून ती कायदा मागत नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

२०/ त्यापुढचा क्षण तेवढाच मोलाचा आहे. सहकारी रक्ताच्या थारोळ्यात पडलेला, खुनी समोर, आणि त्याच्या हातात आता रायफल नाही. पोलिसांनी लाठ्यांनी त्याला नमवले, पण जिवंत ठेवले. म्हणून खटला उभा राहिला. ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा झाली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. रस्त्यावरच्या सूडाला दोषी आणि निर्दोष यांतला हा फरक करता आला नसता.

२१/ मेकॉले यांना लोकांच्या निमूटपणाची चिंता वाटत होती. आज मोबाइलवरच्या चित्रफितींमध्ये उलटे दृश्य वारंवार दिसते: पकडलेला चोर, हात बांधलेले, आणि भोवती मारणारा जमाव. तेथे धैर्य लागत नाही आणि कायद्याचे संरक्षणही नाही. शस्त्राला हात घालण्यास धैर्य लागते, हे खरेच. शस्त्र हाती आल्यावर हात आवरण्यास अधिक लागते, आणि कायदा त्या दुसऱ्या धैर्याची अपेक्षा प्रत्येकाकडून करतो.

(धागा समाप्त)