बोटांचे टक्के

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की लातूर-नांदेडकडं एक बातमी ठरलेली : मळणीयंत्रात हात गेला. पेपरात दोन ओळी. पुढं त्या माणसाचं काय झालं, ते छापून येत नाही.

*

"मालकानं दवाखाना केला की! अजून काय पाहिजे?" गावात हे सगळेच म्हणतात, कधीकधी हात गेलेला माणूससुद्धा. दवाखान्याचा खर्च वेगळा आणि भरपाई वेगळी, हे समजावण्यातच अर्धा दिवस जातो.

*

नोव्हेंबर २०२५ पर्यंत चाललेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात शरीराचा दर ठरलेला होता. अंगठा ३० टक्के. एका हाताची तीन बोटं ३०, चारही गेली तर ५०. तीस वर्षांचा गडी, पगार बारा हजार, तीन बोटं गेली, तर : पगाराचे ६० टक्के ७,२००, त्याला वयाचा गुणक २०७.९८, त्याचे ३० टक्के. सुमारे चार लाख एकोणपन्नास हजार. अशा माणसाला दहा-वीस हजार हातावर ठेवून 'माझी काही तक्रार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात. हक्क सोडल्याचा असला कागद या कायद्यापुढं शून्य.

*

सालगड्याचं काय? ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्रावरचं काम असेल तर तो कायद्याच्या यादीत बसतो. बैलानं शिंग मारलं तर मात्र अडचण. गोपीनाथ मुंडेंच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत पैसे आहेत, पण ती सातबाऱ्यावाल्यांच्या घरांसाठी. गड्याकडं कुठला सातबारा!

*

टक्के दोन प्रकारचे, आणि इथंच लोक फसतात. मेडिकल बोर्डाच्या प्रमाणपत्रावरचे टक्के शरीराचे. भरपाईत बघायचं ते कमाई किती गेली. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हातानं सुतारकी होत नाही, म्हणून सुप्रीम कोर्टानं त्याची कमाई शंभर टक्के गेली असं धरलं. ते साल १९७५. हा निकाल मी फाइलच्या वरच लावून ठेवतो.

*

शेजारच्या उस्मानाबादेतली गोष्ट. साखर कारखान्याचा वॉचमन, पाळी पहाटे तीनची. २००३ साली कामावर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना रस्त्यातच अपघातात गेला. २००९ मध्ये बायकापोरांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर झालं. हायकोर्टानं ते रद्द केलं : अपघात कामावरचा नव्हे. सुप्रीम कोर्टानं २८ जुलै २०२५ ला ते परत दिलं. कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी त्याचा धागा जुळत असेल तर, कामावरचाच. बावीस वर्षं! पोरं मोठी झाली असतील.

(नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षेची नवी संहिता आलीय. जाण्यायेण्याचं कलम तिच्यातही आहे.)

*

दाव्याची मुदत दोन वर्षं. माणसं येतात तिसऱ्या दिवाळीनंतर. उशिराला सबळ कारण दाखवता येतं, पण 'मालक देतो म्हणला होता' हे कारण कागदावर फार बारीक दिसतं.

*

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दिव्यांगांना, बायांना, कारखान्यातल्या कामगारांना वकील फुकट, उत्पन्न न विचारता. फोन १५१००. हे मी वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण येणारा माणूस निघताना तेवढंच फाडून मागतो.

*

आज एकाचा अर्ज भरला. बाप्यांचा डाव्या हाताचा अंगठा घ्यायची पद्धत. त्यानं पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिला. मी शाईचा पॅड उजवीकडं सरकवला.