बारीक माणसाची फजिती

आमच्या थोरल्या बंधूंचें पोट हा आमच्या घरांत बरीच वर्षें थट्टेचा विषय होता. आंबेगांव तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं आमचें वडिलार्जित घर आहे. तेथें दादा शेती पाहतात. मी पुण्यास नोकरी करून निवृत्त झालेला सडपातळ मनुष्य. "दादा, शिवनेरीचे सात दरवाजे आतां तुमच्यानें व्हायचे नाहींत," असें म्हणून हंसणारांत मीच पुढें असें.

गेल्या वर्षीं दुसऱ्याच कारणासाठीं मीं पोटाची सोनोग्राफी करविली. डॉक्टर म्हणाले, "यकृतांत चरबी सांचली आहे." मला वाटलें, कागदांची अदलाबदल झाली असावी! परंतु रक्तानेंही तीच साक्ष दिली. ट्रायग्लिसराइड १५० च्या आंत हवें, तें २१२. आणि हितकारक एचडीएल ४० च्या वर हवें, तें अवघें ३४.

"पण मी तर बारीक आहें!" मीं तक्रार केली.

डॉक्टर हंसले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आलें होतें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. पण युडकिनांच्या देहांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या देहांत २१.२! आपण भारतीय लोक बारीक दिसूनही आंतून लठ्ठ असूं शकतों. पोटांतील चरबी वाढली कीं शरीर इन्सुलिनचें ऐकेनासें होतें. मग ती चरबी यकृताकडे वाहते, आणि जास्तीच्या साखरेचीही यकृत चरबीच करतें. कांहीं तें सांठवितें, कांहीं रक्तांत सोडतें. त्यांनीं माझी कंबर मोजली. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटरची मर्यादा. माझी ९३ भरली. कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल या पांचांपैकीं तीन बिघडलीं म्हणजे रोगाला नांव मिळतें. माझीं तीन भरलीं होतीं.

घरीं येतांना मला दादांची आठवण झाली, आणि हंसूं आलें नाहीं. इतकीं वर्षें मीं त्यांची थट्टा केली. तपासणी करून घ्या, असें एकदांही सुचविलें नाहीं. मी त्याच आठवड्यांत गांवीं गेलों. त्यांच्या यकृतांत नुसती चरबीच नव्हती. तें घट्ट होऊं लागलें होतें. आणि त्यांना कधीं दुखलें-खुपलें नव्हतें!

आमच्या लहानपणीं बाजरीची भाकरी खाऊन वडील महाशिवरात्रीस पायीं भीमाशंकरास जात. पुढें डिंभे धरण झालें; तालुक्याला नांव देणारें आंबेगांवच पाण्याखालीं गेलें, आणि खालच्या शेतांत ऊस उभा राहिला. त्या पाण्याला मी दोष देत नाहीं. त्यानें आमच्या मुलांना शिकविलें. पण पाय मात्र आम्हीं दारांतल्या मोटारसायकलीला देऊन टाकले.

वजन शेंकडा सात ते दहा घटलें, तर यकृताची सूज उतरते, घट्टपणाही कमी होण्याचा संभव असतो. परंतु वहिनींनीं पुढें केलेल्या चहाला "बिनसाखरेचा द्या" म्हणणें सोपें नव्हतें. "भावोजी, एवढें काय आमचें गोड नकोसें झालें?" त्यांनीं विचारलें. मीं दादांकडे पाहिलें. दादा म्हणाले, "मलाही तसाच."

गेल्या महिन्यांत आम्ही दोघे शिवनेरीस गेलों. चौथ्या दरवाज्यापाशीं मला धाप लागली. दादा थांबले, माझ्याजवळ बसले, आणि कांहींच बोलले नाहींत. थट्टेची एवढी चांगली संधि त्यांनीं दवडली, याचें मला अजून वाईट वाटतें.