मंडईच्या घरी मुक्काम

मंडई म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसापुढे भाजीबाजार उभा राहतो. आमच्या गोंदिया जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. भाऊबीज उलटली, हलके धान घरात आले, की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावाची, उद्या शेजारच्या गावाची, अशी पाळी ठरलेली असते. गोवारी बांधव ढाल घेऊन वाजतगाजत येतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांगड्या, खेळणी, मिठाई यांची दुकाने लागतात, दंडार रंगते आणि रात्री शामियान्यात नाटक सुरू होते, ते पहाटेपर्यंत. सोयरिकीची बोलणीही याच गर्दीत होतात. त्यामुळे एरवी पाच माणसांच्या घरात त्या रात्री पन्नास पाहुणे असतात. यजमानांचे मन कितीही मोठे असले, तरी घराच्या भिंती काही सरकत नाहीत.

अशाच एका घरी, आमगाव तालुक्यातील माझ्या आजोळी, चार वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलो होतो. तिचे वय तेव्हा ७८. मधुमेह जुना, रात्रीच्या जेवणाआधी ग्लिमेपिराईडची गोळी. शिस्तीची बाई, आठ वाजता तिने गोळी घेतली. पंगती मात्र एकामागून एक उठत होत्या. आधी लहान मुले, मग लांबून आलेले पाहुणे, मग नाटकाला निघालेली मंडळी. माहेरपणाला आलेली आई स्वतःसाठी ताट कसे मागणार? आणि तिचा डॉक्टर मुलगा, म्हणजे मी, पहिल्याच पंगतीत जेवून नाटकाच्या पुढच्या रांगेत जाऊन बसलो होतो.

साडेदहाच्या सुमारास मामेभाऊ मला शोधत आला. आई सपरीत बसली होती. कार्तिकाची थंडी, तरी कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणे तुटक. ‘गर्दीनं जीव घाबरला असेल,’ असे म्हणत कोणी पदराने वारा घालत होते. मी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिला घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, ‘तू जेवलास ना?’ त्या प्रश्नाने मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

रक्तातील साखर ७०च्या खाली गेली की असे होते. गोळी आपले काम करत राहते, तिला पंगतीची वाट पाहता येत नाही. या जातीच्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, म्हणून साखरपाण्याने तरतरी आली तरी लगेच पोळी किंवा भात पोटात गेला पाहिजे आणि रात्रभर लक्ष हवे. पुन्हा साखर उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा. आपल्या घरी कोणी अशी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर ‘ताट समोर आल्याशिवाय औषध नाही’ असे चालेल का, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि यजमानीणबाईंना आल्याआल्याच सांगा की आमची आजी पहिल्या पंगतीला बसेल. कोणी रागावत नाही. सांगायला आपणच लाजतो.

दुसरी अडचण घरातल्या घरात चालण्याची. उंबऱ्याशी चपलांचा ढीग, सपरीत ओळीने झोपलेली माणसे, संडास परसात, मध्ये ओली मोरी. दिवसा दिसणारी पायरी रात्री दिसत नाही. झोपेतून एकदम उठले की वृद्धांचा रक्तदाब क्षणभर उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून अंथरूण दाराजवळ, शक्यतो खाटेवर घ्या. उठल्यावर मिनिट-दोन मिनिटे कडेला बसून मग उभे राहावे. उशाशी विजेरी आणि काठी असू द्या. परसापर्यंतची वाट उजेड असतानाच एकदा दोघांनी मिळून चालून घ्या. लघवीच्या भीतीने पुष्कळ आज्या दुपारपासून पाणीच पीत नाहीत. त्याने चक्कर वाढते, बद्धकोष्ठ होतो तो वेगळाच.

बाजारात मात्र सकाळीच फिरावे. संध्याकाळच्या लोंढ्यात वृद्धांना नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गर्दी काय करू शकते हे गोवारी समाजाइतके कोणाला ठाऊक नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरातील मोर्चात चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधवांचे प्राण गेले. मंडईत ढाल नाचताना पाहिली की मला ते आठवतेच.

नाटकाला न्यायचेच असेल तर जरूर न्या. त्यासाठीच तर वर्षभर वाट पाहिलेली असते. टोकाची खुर्ची धरा, कानटोपी आणि शाल घ्या, मध्यंतरात उठवून चार पावले चालवा. नाव, फोन आणि औषधांची चिठ्ठी त्यांच्याच पिशवीत असू द्या, आपल्या नव्हे.

आई आता ८२ची आहे. यंदाही जायचे म्हणते. मामीने फोनवर सांगितले आहे, खाट दाराशी टाकते आणि बहिणीचे ताट आठच्या आत. आईने मात्र एवढेच विचारून घेतले, की नाटक कोणते आहे.