ग्रहांचे भय आणि ग्रहांची नोंद

धम्मदीक्षा घेऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही लग्न जुळविण्याच्या कामानिमित्त आम्ही वस्त्यावस्त्यांतून फिरतो, तेव्हा एखाद्या घरी दबक्या आवाजात प्रश्न येतोच, "दादा, मुलीला मंगळ तर नाही ना?" भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी तथागतांची मूर्ती आणि मनात मात्र शनी-मंगळाचे भय! एका शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीचे जमत आलेले लग्न या एका शब्दावरून मोडलेले आम्ही पाहिले आहे. म्हणून आज ग्रहांविषयीच चार शब्द.

ग्रह म्हणजे ताऱ्याभोवती फिरणारा गोळा. आपल्या सूर्याला असे आठ ग्रह आहेत. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ या शास्त्रज्ञांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीही ग्रह फिरतो, हे दाखवून दिले. त्याबद्दल २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ पर्यंत अशा परक्या ग्रहांची संख्या ६,००० च्या वर गेली.

पण आम्हाला खरे कौतुक वाटते ते या कामाला हातभार लावणाऱ्या हौशी माणसांचे. हे ग्रह इतके दूर आहेत की घरच्या दुर्बिणीतून ते दिसतच नाहीत. मात्र ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून सरकला की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेला, तर घट साधारण शंभरात एक भाग, म्हणजे रुपयात एक पैसा! तो पैसा पकडण्यासाठी ही माणसे रात्रभर छायाचित्रे घेतात, शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी प्रकाश ताडून पाहतात आणि वेळेसह आकडे लिहून ठेवतात.

सप्टेंबर २००० मध्ये फिनलंडच्या न्यूरोला वेधशाळेतील हौशी मंडळींनी एचडी २०९४५८ या ताऱ्याची अशी घट टिपली. २००६ साली एक्सओ-१ या ताऱ्याचा ग्रह निश्चित करताना शास्त्रज्ञांच्या जोडीला अमेरिका-युरोपातील हौशी निरीक्षक होते. २०१७ साली तर ऑस्ट्रेलियातील एका मोटार मेकॅनिकने केपलर दुर्बिणीने पाठविलेले प्रकाशाचे आलेख संगणकावर तपासून एका ताऱ्याभोवती चार ग्रहांच्या खुणा ओळखल्या. दिवसा गाड्यांखाली राबणारे हात आणि आकाशातला शोध!

शास्त्रज्ञांना या माणसांची गरज का पडते? जमाखर्चात पहिल्या पानावर पैशाची चूक राहिली, तर वर्षअखेरीस ताळेबंद जुळत नाही, हे आम्हा कारकुनांना ठाऊक आहे. ग्रहाच्या फेरीचेही तसेच. एका फेरीत अर्ध्या मिनिटाचा फरक राहिला, तर शंभर फेऱ्यांनी पन्नास मिनिटांची तफावत पडते. मोठ्या दुर्बिणीचा वेळ फार मोलाचा. चुकीच्या वेळी ती रोखली, तर सारेच वाया. हौशी निरीक्षक पुनःपुन्हा वेळ मोजून हा हिशेब ताजा ठेवतात. नासाचा 'एक्झोप्लॅनेट वॉच' हा उपक्रम याचसाठी आहे. सहा इंची दुर्बीणही त्यात उपयोगी पडते. दुर्बीण नसेल, त्याला संगणकावर तपासण्यासाठी तयार छायाचित्रे मिळतात. तिथे तुमची पदवी कोणी विचारत नाही. नोंद खरी आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

बंधू-भगिनींनो, धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. 'या आणि स्वतः पाहा' असा त्याचा अर्थ. ग्रहनक्षत्रांवरून भविष्य सांगून पोट भरणे तथागतांनी भिक्खूंसाठी त्याज्य ठरविले, हे दीघनिकायात नमूद आहे. ज्या मंगळाला भिऊन मुलीचे लग्न मोडले, त्याच्या जमिनीवर माणसाने पाठविलेल्या गाड्या फिरल्या आहेत आणि २०१४ पासून आठ वर्षे भारताचे यान त्याच्याभोवती फिरत होते.

आमचे एवढेच सांगणे आहे. पत्रिका जुळविण्यावर खर्च होणारे पैसे मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांवर खर्च करा. विहारात एखादी रात्र आकाशदर्शनाची ठेवा. तुमच्या मुलीच्या हाती वही द्या आणि तिला मंगळ दाखवा. ती त्याची जागा, तारीख, वेळ स्वतः लिहून ठेवील. मग तिला मंगळाचे भय कोण घालणार?

जयभीम!