आमच्या नगरीचें एक वर्ष

वार्षिकाच्या मराठी विभागांत गतवर्षाचें सिंहावलोकन कोणी तरी लिहावें, असा आमच्या शाळेचा परिपाठ आहे. यंदां तें काम आमच्याकडे आलें. परीक्षांचे निकाल, बक्षिसांच्या याद्या, क्रीडांगणावरील जयापजय, स्नेहसंमेलनाचा वृत्तांत, अशी सर्व सामग्री समोर मांडून आम्ही बसलों. परंतु लेखणी हातीं घेतांच मन वळलें तें दुसऱ्याच एका वर्षाकडे. तें वर्ष आम्हीं पाहिलेलें नाहीं, आणि आमच्या वाचकांपैकीं कोणीं पाहिलें असेल असा संभवही नाहीं. १९३० सालच्या संक्रांतीपासून १९३१ सालच्या संक्रांतीपर्यंतचें सोलापूरचें तें वर्ष होय. त्याची आठवण आम्हांस कां झाली, हें सांगतांना प्रथम आमच्या एका अज्ञानाची कबुली द्यावी लागते.

गेल्या पावसाळ्यांत वक्तृत्वस्पर्धेसाठीं कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही शहरांत गेलों होतों. परततांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर रिक्षाची वाट पाहात उभे असतां सहावींतील एका मुलानें विचारलें, "सर, हे चौघे कोण?" आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें आरंभ केला, "हे आपल्या सोलापूरचे हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा..." आणि येथें आमची गाडी अडली. चौथें नांव कांहीं केल्या आठवेना. वाहनांची गर्दी एवढी होती कीं, मुलांस घेऊन पलीकडे जावें व नांवें वाचावीं, हेंही शक्य नव्हतें. "उद्यां सांगतों," असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. ज्या चौकावरून आम्ही आयुष्यांत सहस्रावधि वेळां गेलों असूं, त्याच चौकांत एका बालकापुढें आम्ही निरुत्तर झालों!

दुसऱ्या दिवशीं पुस्तक चाळून, नांव पाठ करून आम्ही वर्गांत गेलों, तों त्या मुलानें आपली वही पुढें केली. तींत चारही नांवें लिहिलेलीं होतीं. आणि चौथें नांव पूर्ण लिहिलेलें होतें, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. "तुला कोणीं सांगितलें?" असें विचारतां तो म्हणाला, "आजीनें." ही आजी विड्या वळून पोट भरीत आलेली. तिची मातृभाषा तेलुगु. शाळेचें तोंड तिनें फारसें पाहिलेलें नाहीं. तिचे वडील गिरणींत साच्यावर होते आणि त्यांनीं तिला लहानपणीं हीं नांवें शिकविलीं होतीं. मुलानें निरागसपणें आणखी एक गोष्ट सांगितली. आजीनें त्याला विचारलें होतें, "तुमच्या सरांना हें येत नाहीं?"

हा प्रश्न आम्हांस लागून राहिला. त्या आजीस उत्तर द्यावें म्हणून आम्हीं त्या वर्षाचा मागोवा घेतला. तोच येथें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

पंचांग कांहींही म्हणो, सोलापूरकरांच्या मनांतील वर्ष सुरू होतें तें गड्ड्याच्या यात्रेपासून. बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनीं येथें तलाव खोदविला, नगराभोंवतीं अडुसष्ट लिंगें स्थापिलीं आणि कन्नड भाषेंत वचनें रचिलीं. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या नांवानें सात नंदीध्वज मिरवीत निघतात व संमतीकट्ट्यावर अक्षतांचा सोहळा होतो. हे उंच, जड ध्वज पेलण्याचा मान एकाच जातीकडे नाहीं. तो निरनिराळ्या समाजांत वांटलेला आहे. आमच्या नगरीची घडणच तशी आहे. १८७७ सालीं जुनी गिरणी सुरू झाली, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, आणि त्यांच्या भोंग्यावर उठणारें व निजणारें एक मोठें कामकरी गांव येथें वसलें. मराठी, कन्नड, तेलुगु व उर्दू या चारही भाषा एकाच गल्लींत ऐकूं येऊं लागल्या. त्या गिरण्या पुढें एकामागून एक बंद पडल्या. भाषा मात्र अद्यापि नांदत आहेत.

१९३० सालची यात्रा आटोपून थोडे दिवस झाले, तोंच २६ जानेवारी रोजीं देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेण्यांत आली. १२ मार्चला महात्मा गांधी साबरमतीहून दांडीकडे निघाले व ६ एप्रिल रोजीं त्यांनीं मिठाचा कायदा मोडला. त्याच दिवशीं सोलापूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. परक्यांचें राज्य असतां एखाद्या नगरपालिकेनें आपल्या इमारतीवर तो उभारावा, ही गोष्ट त्या काळीं किती धाडसाची होती, याची कल्पना आज येणें कठीण आहे.

५ मे रोजीं गांधीजींस अटक झाली. ही वार्ता येतांच सोलापुरांत हरताळ पडला, गिरण्यांतील कामगार बाहेर आले, मिरवणुका निघाल्या. ८ मे हा दिवस सर्वांत भयंकर ठरला. रूपाभवानीच्या परिसरांत लोकांनीं शिंदीचीं झाडें तोडण्यास आरंभ केला. दारूबंदीचा तो सत्याग्रहच होता. पोलिसांनीं कांहींजणांस धरलें, जमाव वाढला, आणि शेवटीं गोळीबार झाला. शंकर शिवदारे नांवाचा तरुण त्यांत प्राणांस मुकला. जमावास आंवरण्यासाठीं त्या दिवशीं जे पुढें झाले होते, त्यांत मल्लप्पा धनशेट्टी हे होते. परंतु गोळीबारानंतर लोकांचा तोल सुटला. पोलीसचौकी जळाली, न्यायालयाच्या इमारतीस आग लागली आणि कांहीं पोलीस शिपाई जमावाच्या हातून मारले गेले.

येथें आमची लेखणी थोडी थबकते. आपल्या गांवचा अभिमान लिहितांना हें वाक्य गाळावें, असा मोह कोणासही होईल. पण आमच्या शाळेंत रोज सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं शत्रूविषयींही सद्भाव बाळगावा, अशी शिकवण दिली जाते. आणि ज्या महात्म्याच्या अटकेमुळें तो जमाव खवळला, त्याची शिकवणही याहून निराळी नव्हती. मारलेले शिपाई हेही कोणाचे तरी पुत्र होते, त्यांच्याही घरीं त्या रात्रीं कोणी तरी दाराकडे डोळे लावून बसलें असेल. हें सांगितल्यानें हुतात्म्यांचें मोठेपण तिळभरही कमी होत नाहीं. उलट, हें लपविलें तर आपण इतिहास सांगत नाहीं, केवळ पोवाडा गातों.

त्यानंतरचे दिवस मोठे नवलाचे होते. ९ मे पासून ११ मे पर्यंत शहरांत सरकारचा अंमल असा उरलाच नव्हता. अशा वेळीं लुटालूट व्हावयाची, असेंच कोणासही वाटेल. परंतु रामकृष्ण जाजू व त्यांचे काँग्रेसचे सहकारी यांनीं व्यवस्था हातीं घेतली आणि स्वयंसेवकांनीं शहराचा बंदोबस्त ठेविला. आदल्या दिवशीं जें गांव पेटलें होतें, तेंच गांव दुसऱ्या दिवशीं स्वतःस सांवरूं शकलें! ध्वज उभारण्यास धैर्य लागतें हें खरें. पण धनी नसतां घर नीट राखण्यास त्याहून अधिक कांहीं तरी लागतें, असें आम्हांस वाटतें.

१२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारण्यांत आला व तो ३० जूनपर्यंत चालला. डोक्यावर गांधी टोपी असणें व हातीं राष्ट्रध्वज असणें हा त्या दिवसांत अपराध होऊन बसला. लष्करी न्यायासनांपुढें पुष्कळांस कठोर शिक्षा झाल्या. कायदा उठल्यावर थोड्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यांतील पंढरपुरीं आषाढी एकादशीचा मेळा आला. भोंगे पूर्ववत् वाजूं लागले, कामगार साच्यांवर उभे राहिले. वरवर पाहतां वर्ष आपल्या नेहमीच्या वाटेस लागलें. परंतु आंतून तें लागलें नव्हतें. कारण पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांवर खटला चालला होता. हे चौघे त्या कृत्याविषयीं निर्दोष होते, असें सोलापूरकर आजवर मानीत आले आहेत. परंतु त्यांस फांशीची शिक्षा झाली, व अपिलांतही ती कायम राहिली.

पुन्हां जानेवारी आला. संक्रांत दोन दिवसांवर येऊन ठेपली, घरोघर तिळाची तयारी चालली असेल. आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं पुण्याच्या येरवडा तुरुंगांत त्या चौघांस फांशी देण्यांत आलें. अशा रीतीनें यात्रेच्या दिवसांत सुरू झालेलें वर्ष यात्रेच्या दिवसांतच संपलें.

हे चौघे कोण होते? धनशेट्टी लिंगायत, शिंदे मराठा, सारडा मारवाडी आणि कुर्बान हुसेन मुसलमान. कुर्बान हुसेन ऐन तारुण्यांतले होते, आणि 'गझनफर' नांवाचें पत्र चालवीत होते. कोणी मुद्दाम निवडूं म्हटलें असतें, तरी सोलापूरचे याहून यथार्थ प्रतिनिधि त्यास सांपडले नसते. नंदीध्वजांचा मान जसा वांटलेला आहे, तसें त्या वर्षाचें ओझेंही वांटलें गेलें. म्हणूनच आमच्या विस्मरणाचें आम्हांस अधिक वाईट वाटलें. चौघांतून एक नांव गळलें म्हणजे हिशेबांत केवळ एक उणा होत नाहीं. त्या चौघांनीं मिळून जें सांगितलें, तेंच अपुरें राहतें. आम्हीं तिघांस स्मरलें आणि चौथा विसरलों, यास केवळ योगायोग म्हणावें, कीं आमच्या ऐकण्यावाचण्यांतच कांहीं उणीव राहिली होती, याचा विचार आम्हीं स्वतःशीं केला आहे. तो येथें विस्तारानें मांडीत नाहीं. वाचकांनींही आपापल्या मनाशीं करून पाहावा.

आज १२ जानेवारीस त्या चौकांत पुतळ्यांस हार घातले जातात, भाषणें होतात. तें योग्यच आहे. परंतु विड्या वळतां वळतां नातवास चार नांवें बिनचूक सांगणाऱ्या त्या आजीनें जें केलें, तें त्या हारांहून कमी नव्हे. पुतळा पाहूनही माणूस विसरतो, याचा पुरावा आम्हीच आहों. बापानें मुलीस सांगितलेली व मुलीनें नातवास दिलेली गोष्ट मात्र नव्वदांहून अधिक वर्षें टिकून राहिली.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, आमची एवढीच विनंति आहे कीं, या सुटींत घरांतील वडीलधाऱ्यांपाशीं बसा. गिरणीच्या, हातमागाच्या, गड्ड्याच्या, दुष्काळाच्या ज्या गोष्टी त्यांस ठाऊक असतील, त्या विचारा आणि वहींत उतरून घ्या. मग त्या मराठींत सांगोत, कन्नडांत सांगोत, तेलुगूंत सांगोत वा उर्दूंत. पालकांसही आमचें सांगणें आहे कीं, आपण शिकलेलों नाहीं म्हणून मुलांस काय सांगावें, असा संकोच बाळगूं नये. शाळेंत जें मिळत नाहीं, तें पुष्कळदां घरींच असतें.

गतवर्षाचें सिंहावलोकन लिहिण्यास बसलेल्या आम्हीं नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वींच्या वर्षाचें लिहिलें, याबद्दल संपादकांनीं क्षमा करावी. निकाल व बक्षिसें पुढील पानांवर आहेतच. गेल्या वर्षांत आम्ही स्वतः काय शिकलों, असें कोणीं विचारिलें, तर आमचें उत्तर तयार आहे. आम्ही एक नांव शिकलों. आणि तें एका आजीनें शिकविलें.