निरोप पोहोचला पाहिजे

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात अशीच त्यांची अपेक्षा असावी. त्या आठवणी माझ्याहून समर्थ लेखणीने इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मला मात्र आज वेगळ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. शाळा सोडून दूरदूर पांगलेले आपण सारे गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या योगाने पुन्हा एकत्र आलो आहोत. या एकत्र येण्याचे आपण काय करणार, हा तो विषय होय.

निरोपाचे मोल आपल्या समाजाला नव्याने सांगावे लागत नाही. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. पुढे 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’, 1930 मध्ये ‘जनता’ आणि 1956 मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. ज्या समाजात वाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती, त्या समाजासाठी वृत्तपत्र काढणे हे धाडसच होते. माझे आजोबा निरक्षर होते. ‘जनता’चा अंक वस्तीत आला की शाळेत जाणारा एखादा मुलगा तो मोठ्याने वाचे आणि बाकीचे सभोवती बसून ऐकत, असे ते सांगत. अंक एकच, पण ऐकणारे अनेक. आणि ऐकून झाल्यावर उद्या कोणी कुठे जायचे हे तिथेच ठरत असे. साधन कोणतेही असो, ऐकल्यावर माणसे उठतात की नाही यावरच त्याची खरी किंमत ठरते, हे मला त्यातून उमगले.

आमच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने तयार झाला. मेळावा पार पडला, गट राहिला. सकाळी ‘जय भीम’, ‘नमो बुद्धाय’, फुलांची चित्रे, वाढदिवस, जयंतीच्या शुभेच्छा असा त्याचा नित्यक्रम सुरू झाला. यात वावगे काही नाही. वर्षानुवर्षे न भेटलेल्या मित्राचे ‘जय भीम’ सकाळी दिसले, तरी मनाला उभारी येते.

एका जानेवारीत शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीने रात्री गटावर लिहिले की, शिष्यवृत्ती जमा झालेली नाही, शुल्क भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेत नाहीत आणि आई-वडील ऊसतोडीला गेलेले आहेत. सकाळपर्यंत तिचे चार ओळींचे लिखाण अभिवादनांच्या गर्दीत खाली गेले. तिसऱ्या दिवशी बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या एका वर्गमित्राने ते वाचले आणि तिला फोन केला. शिष्यवृत्ती मंजूर झालेली होती. परंतु महाडीबीटीवरून येणारी रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि तिचे आधार गावातील शिबिरात उघडलेल्या, पुढे बंद पडलेल्या खात्याशी जोडलेले होते. त्याने तिला कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा ते समजावून सांगितले. दोघांनी परीक्षेचे शुल्क भरले. एका भगिनीने महाविद्यालयाला पत्र दिले. ती मुलगी परीक्षेस बसली.

अडचण एका अर्जाची होती. पण तिच्यापायी शिक्षण सुटले असते. आपल्या कितीतरी मुला-मुलींचे शिक्षण अशाच एका कागदापाशी, एका तारखेपाशी थांबते. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला यांपैकी एकही वेळेवर नसेल तर हक्काची जागा हातची जाते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, हे पुष्कळ पालकांच्या कानांवरच आलेले नसते. 1990 मध्ये केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. तरीही दाखला कोणत्या नमुन्यात हवा याचा घोळ घराघरांत चालूच असतो. ही माहिती ज्यांच्यापाशी आहे आणि ज्यांना तिची निकड आहे, ते दोघेही आपल्याच गटात असतात. प्रश्न त्यांची गाठ वेळेवर घालून देण्याचा आहे.

त्या प्रसंगानंतर आम्ही चार गोष्टी ठरविल्या. शुभेच्छांचा गट तसाच ठेवून केवळ कामासाठी दुसरा गट केला. तिथे आलेल्या प्रत्येक अडचणीपुढे ती कोणी हाती घेतली त्याचे नाव लिहायचे आणि काम झाले की ‘झाले’ एवढाच शब्द टाकायचा. तिसरी गोष्ट अशी की, कोणाच्याही आधार कार्डाचे, गुणपत्रिकेचे वा दाखल्याचे छायाचित्र गटावर यायचे नाही. ते ज्याने काम घेतले त्यालाच पाठवायचे. चौथी, मदत देतानाचे आणि घेतानाचे फोटो काढायचे नाहीत. या शेवटच्या नियमावर बरीच चर्चा झाली. फोटो पाहून इतरांना स्फूर्ती मिळते, असे काहींचे म्हणणे होते. एका ज्येष्ठ भगिनी तेव्हा म्हणाल्या, “आपण शिकलो तेव्हा कोणी आपला फोटो काढला नव्हता, म्हणून मान वर करून शिकलो.” चर्चा तिथे संपली.

ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांचा प्रश्न निराळा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की सही करायला, तहसिलात जायला घरी कोणी उरत नाही. अनेकांपाशी साधा फोन असतो, आणि लांबलचक मजकूर वाचणे सर्वांनाच जमत नाही. म्हणून टोळ्या निघण्यापूर्वीच कोणते कागद तयार ठेवायचे, हे आता आम्ही गावच्या बोलीत आवाज नोंदवून पाठवितो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना त्या त्या गावातील एक माजी विद्यार्थी फोन करतो किंवा घरी जाऊन सांगतो. छत्तीसगडमध्ये 2010 पासून ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाने हीच वाट दाखविली आहे. तिथे गोंडी वा हिंदी बोलणारा माणूस साध्या फोनवरून आपली तक्रार स्वतःच्या आवाजात नोंदवितो; ती तपासून इतरांना ऐकविली जाते; आणि संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांकही सांगितला जात असल्याने ऐकणारे त्याला फोन करून विचारणा करतात. आजोबांच्या वस्तीतले सामूहिक वाचन आणि हा फोन, दोहोंची रीत मला एकच वाटते.

काही स्नेही विचारतात की, बोटाने पडदा सरकवून का कुठे चळवळ होते? त्यांची शंका रास्त आहे. आमच्या भागातील बसची एक फेरी अनियमित झाली आणि मुलींना शाळेतून पायी परतावे लागू लागले, तेव्हा गटावर संताप पुष्कळ उमटला. पण संतापाने बस येत नाही. मग तीन गावांतील मुलींनी महिनाभर रोज लिहिले की, बस आली की नाही, आली तर किती वाजता. ती नोंद घेऊन पालक, सरपंच आणि आमच्यापैकी सहाजण आगारात गेले. सकाळची फेरी नियमित झाली. सायंकाळच्या फेरीसाठी पाठपुरावा अजून चालू आहे. माहिती फोनने गोळा केली. परंतु आगाराच्या दारात उभे राहायला माणसेच लागली.

आणि हेच साधन जीवघेणेही ठरते, हे विसरून चालणार नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. पोटासाठी गावोगाव फिरणारी ती माणसे होती. मोबाइलवरून पसरलेल्या अफवांनी गावेच्या गावे आधीच भयभीत झाली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण खरी मर्यादा आपल्या बोटांनाच हवी.

याबाबत आपल्या शाळेने आपल्याला आधीच शिकविलेले आहे. सम्यक वाचेत चार गोष्टी वर्ज्य आहेत: खोटे बोलणे, चहाडी, कठोर बोलणे आणि व्यर्थ बडबड. वसतिगृहाच्या प्रार्थनेत लहानपणी हे म्हणताना चौथ्या गोष्टीचे हसू येई. बडबडीत कसले आले पाप, असे वाटे. आज साठ निरर्थक संदेशांखाली एका मुलीची हाक दडलेली पाहिली की त्या नियमाचा अर्थ कळतो. मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी तो खरा आहे का, कोणाच्या उपयोगाचा आहे का आणि आत्ताच सांगणे योग्य आहे का, एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारले तरी पुरे.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माझी माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. आपल्या गावात किंवा आपल्या कार्यालयात शाळेच्या मुलांसाठी महिन्यातून दोन तास देऊ शकेल अशा एकाचे नाव शाळेकडे नोंदवावे. बँकेतील, तहसिलातील, रुग्णालयातील, न्यायालयातील आपला माणूस कोण, हे दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शाळा सोडताना ठाऊक असावे. दहावीच्या मुलांना शाळा दरवर्षी निरोप देते. त्यांनी धाडलेला निरोप पोहोचेल अशी जागा बाहेर तयार ठेवणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.

जय भीम.