बाप्पाची बैठक

पनवेलहून दिवा-रोहा मेमू धरली की आपटा स्टेशनात डब्यातलं कुणीतरी हमखास सांगतं, शाहरुखनं काजोलला हात दिला तो फलाट हाच. तेवढं ऐकून घ्यायचं. जिते मागे पडलं की भाताच्या खाचरांपलीकडे पत्र्याच्या शेडा दिसू लागतात, आणि हमरापूरला तर ताडपत्रीखालून पांढरे, बिनरंगाचे गणपती ओळीनं गाडीकडे बघत असतात. मी मात्र गणपती बघायला निघाले नव्हते. मला त्यांच्या खुर्च्या बघायच्या होत्या.

घरच्या सोफ्याचं कापड बदलायचं म्हणून मी दुकानात गेले होते. दुकानदारानं एकामागून एक मळखाऊ नमुने काढले. करडा, चॉकलेटी आणि त्यांच्या मधलं काहीतरी. त्याच संध्याकाळी शेजारणीनं पेणला बुक केलेल्या मूर्तीचा फोटो दाखवला. बाप्पा जांभळ्या मखमली कोचात रेलून बसलेले, आणि कोचाचे हात म्हणजे दोन मोर! माणसांच्या दिवाणखान्यात जे धाडस कुणी करत नाही, ते देवाच्या बैठकीत सर्रास चालतं.

पेणमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्याही कारखान्यात शिरा, तुम्हाला अडवायला कुणाला वेळ नसतो. एकीकडे साच्यातून मूर्ती निघतायत, दुसरीकडे पॉलिश पेपर चाललाय, कोपऱ्यात एखादी बाई मुकाट डोळ्यांची आखणी करतेय. मी कमरेखालचंच बघत फिरले. लोडाला टेकलेले, पाटावर मांडी घातलेले, लालबागच्या थाटात सिंहासनावर पाय सोडून बसलेले गणपती तर होतेच. पण शिंपल्यात बसलेले, झोपाळ्यावर एक पाय दुमडलेले, उंदरांनी खांद्यावर घेतलेल्या पालखीतलेही होते. एका खुर्चीची पाठ म्हणजे उघडलेला पिसारा, दुसरीची म्हणजे उलटं पिंपळपान.

एका कोचाचे पाय इतके नाजूक होते की मी विचारलंच. रंगाची गन हातातून न ठेवता कारागीर म्हणाला, "ताई, माणूस बसायचा असता तर असा पाय दिला असता काय?"

इथल्या मोकळेपणाचं गुपित मला या वाक्यात दिसलं. बसणारा कधी कुरकुरत नाही, त्याची कंबर दुखत नाही, आणि फार तर दहा-अकरा दिवसांनी तो उठून जातो. १९८१ साली मिलानमध्ये डिझायनर एत्तोरे सोत्तसास आणि त्याच्या मित्रांनी मेम्फिस नावाच्या आपल्या गटातर्फे भडक रंगांची, तिरप्या फळ्यांची फडताळं मांडली, तेव्हा जग चकित झालं. त्यातल्या 'कार्लटन'वर पुस्तकं धड उभी राहत नाहीत, पण ते बघून हसू येतं. सोत्तसास भारतात हिंडून गेला होता. पेणला तो आला होता असं मी अजिबात म्हणणार नाही. आला असता तर रमला असता, एवढंच.

पण हा खेळही मालावर अवलंबून आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये नारळाचा काथ्या घातला की बारीक पाय, सुटे हात, अधांतरी झोपाळा, सगळं पेलतं. शाडू जड, वाळताना तो आकसतो आणि तडकतो. म्हणून शाडूच्या मूर्तीत खुर्चीची पाठ नुसती शोभेची नसते, कानांना आणि मागच्या हातांना तिचाच आधार असतो. कोचाचे पायही सुटे करता येत नाहीत, मग खाली कापडाच्या चुण्यांची भरीव झालर सोडायची. प्लास्टरवरून कोर्टकचेऱ्या आणि नियम सुरू झाल्यापासून शाडूची मागणी वाढली, तशा बैठकाही पुन्हा जमिनीकडे आल्या आहेत. मला स्वतःला त्या भरीव, ठेंगण्या बैठका जास्त आवडल्या. मोरांच्या कोचात कल्पना आहे, पण पाटावरच्या त्या लोडाला बसलेली चेप! मातीत कापसाचा मऊपणा आणणं सोपं नाही.

बाजारपेठेत मखरं लागली होती. २०१८च्या बंदीनंतर थर्माकोल गेला आणि पुठ्ठ्यानं जागा घेतली. मुंबईत नानासाहेब शेंडकर कितीतरी आधीपासून पुठ्ठ्याची घडीची मखरं करत आले आहेत. इथल्या दुकानदारानं एक चपटा गठ्ठा सोडला, खाचेत खाच अडकवली आणि बघता बघता महिरप, खांब, कळस उभे केले. खिळा नाही, गोंद नाही. आर्किटेक्ट फ्रँक गेरीनं १९७२ साली नालीदार पुठ्ठ्याचे थर चिकटवून नागमोडी खुर्ची केली, ती आज संग्रहालयांत आहे. आपली मखरं मात्र विसर्जनानंतर माळ्यावर जातात.

पुढे कासू, नागोठणे, आणि मग रोहा. इथे कोकण रेल्वे सुरू होते. कुंडलिकेपासून जवळच ओळखीच्यांचं जुनं कौलारू घर आहे, ते सध्या दुरुस्तीला काढलंय. ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा आणि फिरत्या हातांची लाकडी आरामखुर्ची. हात बाहेर ओढायचे, त्यांवर पाय टाकायचे आणि सगळ्या आल्यागेल्यासमोर ऐसपैस पसरायचं. इतकी निर्लज्ज खुर्ची आजच्या फ्लॅटमध्ये कुणी ठेवेल?

घरातली सून शिकून आर्किटेक्ट झालेली. मुरूडजवळ नांदगावला स्टुडिओ मुंबई या वास्तुसंस्थेनं २००७ साली ताडाच्या पट्ट्यांच्या जाळीदार भिंतींचं घर बांधलं, ते तिचं दैवत. तिनं मोडक्या घडवंचीला चाकं लावून पुस्तकांची गाडी केली होती, आणि माजघरात जुन्या दाराच्या फळीचं जेवणाचं मेज, कडी-कोयंड्यासकट. सासूबाईंचं मत वेगळं होतं. "त्या कडीत रोज कुणाची तरी बांगडी अडकते," त्या म्हणाल्या.

सुनेनं कडी काही काढली नाही. आता पाहुणे आले की त्या मेजाला आधी कुलूप लावून बघतात, आणि मग जेवायला बसतात.